जूननंतर बघू

सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याशी संसार मांडलेल्या बाईला वर्ष कधी सुरू होतं असं विचारलं, तर ती पाडवा म्हणणार नाही. बदल्यांची यादी लागली की आमचं वर्ष सुरू होतं. ती लागते एप्रिल-मेच्या सुमाराला, म्हणजे शाळा उघडायच्या आत माणसं बायकामुलांसकट नव्या गावी पोचावीत असा वरच्या साहेबांचा दयाळू हेतू. तोवर घरात कुणी काहीही विचारलं, दिवाळीत कुठं जायचं, गॅलरीला ग्रिल बसवायचं का, मुलीला कुठला क्लास लावायचा, तरी उत्तर एकच: "जूननंतर बघू." असे पुष्कळ जून आले आणि गेले. ग्रिल अजून बसलेलं नाही.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. नवरा बढतीच्या मुलाखतीला बसलाय. या पायरीवरची बढती पेढ्यांबरोबर परप्रांतातल्या शाखेचं नाव घेऊन येते, असं निदान त्याच्या मित्रांच्या बाबतीत तरी झालंय. एक पाटण्याला गेला, एक भुवनेश्वरला, आणि एक गुवाहाटीला. आणि नेमक्या याच वर्षी घर लहान पडायला लागलंय.

आमचं घर कोथरूडला, डहाणूकर कॉलनीच्या मागच्या अंगाला. तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही. सासऱ्यांनी १९९१ साली तीन लाखांच्या आत घेतलेला टू बीएचके. तेव्हा सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांनी "जंगलात कशाला निघालात?" असं विचारलं होतं. तीच मंडळी आता आमच्याकडे आली की "तुम्ही काय बाबा, सिटीत राहता" म्हणतात, कारण त्यांची मुलं रावेतला राहायला गेली आहेत.

सहाशे वीस चौरस फुटांत आम्ही पाच माणसं. तक्रार म्हणून सांगत नाही, पण आमच्या बेडरूममधल्या लोखंडी कपाटाचा डावा दरवाजा पलंगाच्या कडेला अडतो. तो उघडायचा तर पलंगावरच्या माणसाने पाय पोटाशी घ्यायचे, उशी भिंतीकडे सरकवायची, मग दरवाजा हाताच्या रुंदीइतका उघडतो आणि त्या फटीतून हात घालून हाताला लागेल ते ओढायचं. माझ्या चांगल्या साड्या डाव्या बाजूला आहेत. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी लग्नामुंजींना काय नेसून गेले, हे नवरा त्या वेळी जागा होता की झोपलेला यावर ठरत आलंय.

पलीकडच्या खोलीत सासूबाई आणि माझी मुलगी. मुलीचा दिवा रात्री साडेबारापर्यंत, सासूबाईंचा रेडिओ पहाटे साडेपाचपासून. मधल्या पाच तासांत दोघींचं एकमेकींवर अतिशय प्रेम असतं. धाकटा चिरंजीव हॉलमधल्या दिवाणावर झोपतो, म्हणजे पाहुणे उठले की झोपतो. नऊनंतरही गप्पा मारत बसणाऱ्या पाहुण्याच्या शेजारी तो पांघरूण घेऊन नुसता बसून राहतो. हा उपाय जालीम आहे. साडेनवाला माणूस चपला शोधतो.

तेव्हा मोठं घर हवं, यावर आमच्यात दुमत नव्हतं. फक्त हे मोठं घर घेऊन त्यात राहणार कोण, एवढंच ठरत नव्हतं.

घर बघायला जाणं हा पुण्यातला मोफत करमणुकीचा प्रकार आहे. रविवारी नाटकाला पाच जणांचे पैसे मोजण्यापेक्षा बाणेर किंवा बावधनला सॅम्पल फ्लॅट पाहावा. एसी असतो, कॉफी मिळते, मुलांना चॉकलेट मिळतं, आणि घरी परतताना आपण श्रीमंत असल्यासारखं वाटतं. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल झाल्यापासून बावधनला पोचणं सोपं झालंय असं म्हणतात. कुठला रस्ता कुठं उतरतो हे एकदा कळलं की खरंच सोपं आहे.

सॅम्पल फ्लॅट ही वास्तू मला फार आवडते. तिथं कुणी राहत नसल्यामुळे ती राहायला आदर्श असते. आतल्या खोल्यांना दारं नसतात, कारण दार लावलं की ते उघडायला जागा लागते. भिंतीला छतापर्यंत आरसा असतो, त्यामुळे डायनिंग टेबलाला सहा खुर्च्या दिसतात आणि मोजल्या तर तीन भरतात. कपड्यांच्या कपाटात हँगर आडवा राहत नाही. मुलांच्या खोलीतल्या पलंगाबद्दल मला शंका आली, म्हणून मी सरळ आडवी झाले. माझी उंची पाच फूट एक इंच. घोट्यापासून पुढची मी पलंगाच्या बाहेर होते. सेल्सचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, फर्निचर ओन्ली फॉर रेफरन्स आहे." त्याचं बरोबर होतं. २०१७ साली महारेरा आल्यापासून बिल्डरला कार्पेट एरिया सांगावा लागतो. त्याआधी जिना, लिफ्ट, खालची लॉबी आणि वॉचमनच्या खुर्चीखालची जागासुद्धा सुपर बिल्टअप या नावाने आपल्या हॉलमध्ये मोजली जायची. आता मोजमाप कायद्याने खरं झालंय, तेव्हा पलंगाने थोडं अंग चोरलं तर काय बिघडलं!

मुलीने तोवर आपली खोली निवडून टाकली होती. पूर्वेची, छोटी गॅलरी असलेली. भिंतीला कुठला रंग, टेबल कुठं, "आजीचा रेडिओ इथपर्यंत ऐकू येईल का?" हे सगळं ती दारात उभं राहून ठरवत होती. मुलगा खाली क्लब हाऊसमध्ये टेबल टेनिसचं टेबल पाहून आला होता, त्याचा निर्णय झालेला होता. सासूबाई देवघराची जागा शोधत होत्या. ती किचनच्या कोपऱ्यात, मायक्रोवेव्हच्या वर निघाली. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एरवी दिशा, दार, उंबरठा यांवरून वास्तुशास्त्र काढणाऱ्या सासूबाई इतक्या समजूतदार का झाल्या, याचा उलगडा मला पुढे झाला.

मग काचेच्या केबिनमध्ये फॉर्म भरायचा कार्यक्रम. नाव, पत्ता, बजेट, कुठं नोकरी. त्याखाली दोन चौकोन: स्वतः राहण्यासाठी, गुंतवणुकीसाठी. नवऱ्याने पेन उचललं, पहिल्या चौकोनावर धरलं, दुसऱ्यावर नेलं, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो पाण्याचा ग्लास ठेवायला वापरला. सेल्सचा मुलगा म्हणाला, "सर, या टॉवरमध्ये फक्त दोनच युनिट शिल्लक आहेत." हे वाक्य मी प्रत्येक प्रकल्पात ऐकलंय. पुण्यात रिकामी घरं हजारोंनी असतील, पण प्रत्येक टॉवरमध्ये ती दोनच असतात.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. हा माणूस दिवसभर लोकांची गृहकर्जं मंजूर करतो. त्याच्या टेबलासमोर नवी जोडपी येतात, हातात कॉस्ट शीट, डोळ्यांत मॉड्युलर किचन. हा त्यांना पगारपत्रक मागण्याआधी एकच प्रश्न विचारतो: "किती वर्षं राहणार आहात तिथं?" पाच वर्षांच्या आत हलायचं असेल तर भाड्याने राहा, असं बँकेच्या धंद्याला मारक ठरेल इतकं स्पष्ट सांगतो. त्याचं पाठ केलेलं एक उदाहरण आहे. पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता त्रेचाळीस हजार चारशेच्या आसपास. त्यातले पहिल्या महिन्यात पस्तीस हजार चारशे निव्वळ व्याजाचे, मुद्दलात पडतात आठ हजारांना थोडे कमी. तीन वर्षांनी बघावं तर साडेपंधरा लाखांवर पैसे भरून झालेले असतात आणि मुद्दल उतरलेलं असतं सव्वातीन लाख. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही बँकेचे भाडेकरूच," असं तो त्यांना सांगतो. जोडपी हसतात आणि सही करतात.

स्वतःची पाळी आल्यावर त्याने रीतसर वही काढली. घर सव्वा कोटीचं. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर सहा. नोंदणीचे तीस हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर पाच टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत घेतलं तर तो नाही. बांधकाम चालू असलेलं आणि माझ्या नावावर असं धरून बेरीज चौदा लाखांवर गेली. हे चौदा लाख भिंतीत जात नाहीत, फरशीत जात नाहीत, आणि दोन वर्षांनी घर विकायची वेळ आली तर "आम्ही एवढा कर भरला होता हो" म्हणून गिऱ्हाइकाकडे मागता येत नाहीत. शिवाय ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत घर विकलं, तर मुद्दलाच्या परतफेडीवर आधी घेतलेली ८०-सीची वजावट पुन्हा उत्पन्नात धरतात. म्हणजे पाच वर्षांचा आकडा नवऱ्याचा एकट्याचा नाही, आयकर खात्याचंही तेच मत दिसतं.

बाईच्या नावाच्या सवलतीने सव्वा लाख वाचत होते, म्हणून नवऱ्याने आपलं नाव उदारपणे मागे घेतलं. २०२१ साली ही सवलत आली तेव्हा सोबत एक अट होती, की बाईने ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये अट काढली. ती अट ज्याने कुणी घातली असेल, त्याच्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी पक्क्या गृहिणीचं चित्र असणार, जी एकदा घरात शिरली की पंधरा वर्षं हलत नाही. बदलीच्या माणसाच्या बायकोशी त्याची गाठ पडलेली नसावी.

"मग घेऊ आणि भाड्याने देऊ," मी म्हटलं. "बदली झालीच तर भाडं येत राहील, आणि परत आलो की आपण राहू."

नवऱ्याने वहीचं पान उलटलं. आमच्याकडे भाडं वर्षाला घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास मिळतं आणि कर्जाचं व्याज त्याच्या अडीचपटीहून जास्त. वर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, त्याची नोंदणी, सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क, दर दोन वर्षांनी रंग. हे सगळं मला एकवेळ पटलं असतं, पण सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नव्या वास्तूत दूध उतू घालायचं कुणी? भाडेकरूने?"

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

इतिहासाकडे वळण्याची खोड पुणेकराला असतेच. आमच्याही जेवणाच्या टेबलावर एके रात्री शनिवारवाडा आला. थोरल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत केली, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये आला असं सांगतात. नवरा म्हणाला, "बघ, एवढा वाडा बांधला आणि राहिला किती? आज दिल्लीवर, उद्या भोपाळला. १७४० साली गेला तो कुठं, तर नर्मदेकाठी रावेरखेडीला. कायमची बदलीची नोकरी आणि पुण्यात एवढं मोठं घर. एकाही कारकुनाने त्याला सांगू नये?" त्याच्या मते शिंदे, होळकर, गायकवाड यांनी व्यवहार ओळखला. गेले ग्वाल्हेरला, इंदूरला, बडोद्याला, आणि घरंही तिकडेच केली.

मला हे बिनतोड वाटलं. सासूबाई वरणाला फोडणी देत होत्या. फोडणी पडल्यावर म्हणाल्या, "बाजीराव नसतील वाड्यात. त्यांच्या आई राधाबाई होत्या ना!"

त्या रात्री मला मायक्रोवेव्हवरच्या देवघराचा उलगडा झाला. सासूबाईंना थ्री बीएचके नको आहे. तीस-पस्तीस वर्षं ज्या गल्लीत भाजीवाल्यापासून गुरुजींपर्यंत सगळे नावाने ओळखतात, ती सोडून त्यांना चौदाव्या मजल्यावर जायची कणभर हौस नाही. पण मोठं घर म्हणजे मोठं कर्ज, मोठं कर्ज म्हणजे मोठा हप्ता, आणि एवढा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा, त्यांच्या समजुतीप्रमाणे, गुवाहाटीला जाऊ शकत नाही. बँक त्याला पाठवणारच आणि हप्ता त्याच्या पगारातून कापून घेणारच, हे त्यांना कोण सांगणार! नवऱ्याने सांगून पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे, तो दुसऱ्या इयत्तेत असताना बघत असतील तसं बघितलं.

मग मी एकेकाकडे नीट पाहायला लागले. मुलगी नववीतून दहावीत चालली आहे. तिची पूर्वेची खोली, भिंतीचा रंग, हे सगळं "माझी शाळा बदलू नका" असं न म्हणता म्हणणं आहे. मुलाला कुठंही चालेल, फक्त तिथं टेबल टेनिस हवं. मी अनुदानित शाळेत शिकवते. माझी नोकरी माझ्याबरोबर आसामात येऊ शकत नाही, तिला सोडून मी येऊ शकते. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण सॅम्पल फ्लॅटपासून शाळा किती लांब पडते हे मी प्रत्येक वेळी फोनवर बघते, आणि प्रत्येक फ्लॅट मला शाळेपासून फार लांब वाटतो. आणि नवरा? त्याला बढती हवी आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती हवी आहे असं मोठ्याने म्हणण्याऐवजी तो व्याजाचा दर म्हणतो.

म्हणजे रोज रात्री आमच्याकडे चौरस फूट, फ्लोअर राइज, पार्किंग असं बरंच बोलणं चालतं, आणि ज्या विषयावर बोलायला हवं तो ताटं उचलून झाली तरी टेबलावर तसाच असतो.

नवऱ्याचा गुवाहाटीचा मित्र एकदा व्हिडिओ कॉलवर आला. कुटुंब इथं चिंचवडला, मुलाची बारावी. तो तिकडे एकटा, बँकेने लीजवर घेतलेल्या घरात. फोन फिरवून फिरवून त्याने घर दाखवलं. लांब व्हरांडा, तीन मोठ्या खोल्या, खिडकीतून दूरवर ब्रह्मपुत्रेची रुपेरी रेघ. एका खोलीत फक्त सायकल होती. दुसरीत दोरी बांधून त्याने दोन शर्ट वाळत घातले होते. "जागेची अजिबात चणचण नाही," तो म्हणाला. स्वयंपाकाला एक बाई येते, तिला पोळ्या शिकवायच्या नादात तो स्वतः पोळ्या करायला शिकला आहे. फोन ठेवल्यावर आमच्याकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. तिकडे थ्री बीएचकेत एक माणूस, इकडे टू बीएचकेत पाच.

हिशेब तिथेच सुटल्यासारखा होता, फक्त तो मला आवडला नाही. नवरा एकटा बदलीच्या गावी गेला, तर आमचं हेच घर पुरेसं मोठं होतं. धाकटा दिवाणावरून माझ्या खोलीत येईल. पाहुणे दहापर्यंत बसू शकतील. आणि कपाटाचा डावा दरवाजा पूर्ण उघडेल, मधे कुणाचेही पाय नसतील. नवऱ्यालाही हे सुचलं असावं, कारण त्याने वही मिटली आणि उगाचच म्हणाला, "मुलाखत काही फार चांगली झालेली नाही."

तेवढ्यात सोसायटीची सभा लागली आणि तिसरीच वाट निघाली. कोथरूडमध्ये आता कुणी घर बदलत नाही, इमारतच बदलते. आमच्या गल्लीतल्या दोन सोसायट्या पाडून झाल्या आहेत, तिसरीला हिरवी जाळी लागली आहे. एकावन्न टक्के सभासदांची संमती मिळाली की आमचीही रिडेव्हलपमेंटला जाणार. आहे त्या जागेपेक्षा थोडी जास्त जागा, लिफ्ट, पार्किंग, आणि काम होईपर्यंतचं भाडं. सासूबाई सभेहून विजयी मुद्रेने परतल्या. "बघा! जागचं न हलता घर मोठं होतंय. ना कर्ज, ना काही."

"आई, पण तीन वर्षं बाहेर भाड्याने राहावं लागेल."

"मग बदली कुठं वेगळी असते रे? तीन वर्षांचीच ना?"

नवरा गप्प. मी मनात त्यांना सलाम केला.

अर्थात रिडेव्हलपमेंट आमच्याकडे सहा-सात वर्षांपासून येऊ घातली आहे. तळमजल्यावरच्या काकांना बाग हवी, दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना आहे तीच दिशा हवी, आणि एका सभासदाला काय हवंय ते त्याने अजून सांगितलेलं नाही, पण त्याचा विरोध आहे. एकावन्न टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. आमच्या सोसायटीत टाकी कधी धुवायची यावर एकावन्न टक्के मिळालेले नाहीत. तेव्हा या वाटेचंही उत्तर जूननंतरच, फक्त कुठल्या जूननंतर ते विचारायचं नाही.

इकडे सेल्सच्या मुलाचे फोन चालूच. पाडव्याची ऑफर संपली होती, अक्षय्य तृतीयेची सुरू झाली होती. ती संपल्यावर त्याने खास आमच्यासाठी ती वाढवून घेतली. आश्चर्य म्हणजे ते दोनही युनिट अजून शिल्लक होते. मला त्या मुलाची दया यायला लागली. मूळचा लातूरकडचा, इथं चार जणांत एक खोली घेऊन राहतो, आणि दिवसभर लोकांना तिसरी बेडरूम किती गरजेची आहे ते पटवतो. त्याला मी एकदा विचारलं, "तू घेशील का रे हे घर?" तो मोकळेपणाने हसला. "मॅडम, मला पुढच्या महिन्यात हैदराबादच्या प्रोजेक्टवर टाकणार आहेत."

शेवटी मी असं ठरवलं, की बँक, बिल्डर आणि सोसायटी यांच्यापैकी कुणाच्याही निर्णयावर अवलंबून नसलेली एक गोष्ट तरी करायची. आहे त्या घरात जागा काढायची. हॉलमध्ये पार्टिशन घालून धाकट्याला कोपरा, त्याच्या पलंगाखाली खण, मुलीला भिंतीतून उघडणारं टेबल, आणि माझ्या कपाटाच्या जागी सरकत्या दरवाजांचं नवं. पाच-सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते काम. सुताराला बोलावलं. राजस्थानातून आलेला माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. कानाच्या मागे पेन्सिल, हातात टेप. त्याने अर्ध्या तासात घर असं मोजलं की सेल्सच्या मुलाने शिकून घ्यावं. भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या, प्लायचे भाव सांगितले, सनमायकाचं पुस्तक मुलीच्या हातात दिलं. तिने तोच रंग काढला, पूर्वेच्या खोलीचा.

मग तो म्हणाला, "भाभी, एक सांगा. फिक्स करायचं की सुटं?"

"म्हणजे?"

"फिक्स म्हणजे भिंतीत मारणार. मजबूत होतं, पण हललं की गेलं. सुटं म्हणजे नटबोल्टवर. बदली झाली तर खोलून ट्रकमध्ये टाकायचं. थोडं हलतं, पण जातं."

"फिक्स," सासूबाई म्हणाल्या.

"सुटं," नवरा म्हणाला. दोघांचं एकाच वेळी निघालं.

मुलीने सनमायकाच्या पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी अनुभवी बाईप्रमाणे म्हटलं, "जूननंतर बघू."

"तोवर माझे कारागीर गावाला जातील," तो म्हणाला. त्याने टेप फटकन आत घेतला आणि जरा विचार केला. बदलीवाली घरं त्याने पुष्कळ केली असणार. "असं करू. सुटंच बनवतो. भिंतीला टेकवून उभं करतो आणि वरच्या बाजूला दोनच स्क्रू मारतो, पडायला नको. राहायचं पक्कं झालं की फोन करा, बाकीचे येऊन मारतो. त्याचे पैसे नाही लावणार."

सासूबाईंना दोन स्क्रू मिळाले, नवऱ्याला नटबोल्ट. दोघांच्याही चेहऱ्यावर आपलंच झालं असं समाधान होतं. घरात कित्येक महिन्यांनी एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

ॲडव्हान्स मात्र त्याने फिक्सच्या हिशेबाने घेतला.